पेपरांची यादी, सायटेशनचे आकडे: एका इम्युनॉलॉजिस्टची नोंद तयार करताना

इम्युनॉलॉजीतल्या, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या शास्त्रातल्या, संशोधकाची बढतीची, फेलोशिपची किंवा पुरस्काराची फाइल तयार होते, तेव्हा समितीपुढे शेवटी एकच पान जातं. त्यावर एकूण पेपर, एकूण सायटेशन (पुढच्या पेपरांनी त्यांचे दिलेले संदर्भ) आणि या दोन्हींवरून काढलेला एच-इंडेक्स एवढंच असतं. गूगल स्कॉलर उघडून हे पान दहा मिनिटांत काढता येतं, आणि तसं काढलेलं पान बहुतेक वेळा चुकीचं असतं. कधी दुसऱ्याचे पेपर यादीत शिरलेले असतात, कधी स्वतःचे सुटलेले असतात, आणि आकडा बरोबर आला तरी तो कशाचा आहे हे कोणी लिहीत नाही. ग्रंथालयात बसून अशा नोंदी लावणाऱ्यांना प्रत्यक्षात काय करावं लागतं, कुठे अडतं आणि का अडतं, ते इथे लिहितो आहोत.

उदाहरण म्हणून शिमोन साकागुची यांची नोंद घेऊ. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि साकागुची या तिघांना मिळालं. शरीर स्वतःवरच हल्ला का करत नाही, याचा एक मोठा भाग त्यांनी उलगडला. त्यांचे पेपर सगळ्यांना पाहता येतात आणि नोंदीतल्या जवळजवळ सगळ्या अडचणी या तिघांच्या यादीत भेटतात. म्हणून सरावाला ही यादी चांगली.

पहिलं काम नावाचं, आणि सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीत आडनाव आणि आद्याक्षर टाकून ऑथरचा टॅग (शोध लेखकाच्या नावापुरता ठेवणारी खूण) लावला, तर पबमेड आद्याक्षराच्या पुढे काहीही असलेली नावंसुद्धा आणतो. म्हणजे ‘साकागुची एस’ शोधलं की एस. ए., एस. के. असे सगळे साकागुची येतात. नाव दुहेरी अवतरणचिन्हांत घातलं की नेमकं तेवढंच आद्याक्षर धरलं जातं. आम्ही दोन्ही शोध वेगवेगळे चालवतो. अवतरणाविना आलेली यादी मोठी आणि घाण असते, पण संशोधकाने एखाद्या पेपरवर मधलं आद्याक्षर लावलेलं असेल तर तो पेपर फक्त तिथेच सापडतो.

साकागुचींच्या बाबतीत दुसरा पेच सहलेखकांचा आहे. १९९५ च्या त्यांच्या प्रसिद्ध पेपरवर दुसरं नाव ‘साकागुची एन’ आहे. या नोरिको साकागुची. उंदरांतल्या संधिवाताच्या एसकेजी वाणाबद्दलच्या २००३ च्या ‘नेचर’मधल्या पेपरच्या पहिल्या लेखिकाही त्याच. पण कुमामोतो विद्यापीठात नोबुओ साकागुची नावाचे आणखी एक इम्युनॉलॉजिस्ट बी-पेशींवर काम करत होते, आणि तेही ‘साकागुची एन’. देश तोच, विषय तोच, काळही साधारण तोच. अशा वेळी विषयावरून अंदाज बांधणं धोक्याचं असतं. पेपर उघडून संस्थेचं नाव पाहायचं, सहलेखक पाहायचे, मगच ओळ पक्की करायची.

जुन्या पेपरांसाठी पबमेडचे स्वतःचे नियम माहीत हवेत, नाहीतर नसलेला पेपर ‘नाहीच’ असं वाटतं. लेखकांची पूर्ण नावं पबमेडमध्ये २००२ पासून मिळतात, त्याआधी फक्त आद्याक्षरं. लेखकाची संस्था १९८८ पासून नोंदवली जाते, पण २०१३ पर्यंत बहुतेक नोंदींत ती फक्त पहिल्या लेखकाची असते. म्हणजे ‘पुणे’ किंवा ‘क्योतो’ असा पत्त्याचा टॅग लावून शोध घेतला, तर संशोधक जिथे दुसरा किंवा शेवटचा लेखक आहे ते २०१४ आधीचे पेपर हमखास गळतात. प्रयोगशाळा चालवणाऱ्याचं नाव नेमकं शेवटी असतं, त्यामुळे नुकसान ज्येष्ठांचं जास्त होतं. तिसरा नियम आणखी कमी लोकांना ठाऊक आहे. १९८४ ते १९९५ या काळात मेडलाइनमध्ये (पबमेडच्या गाभ्यातली निवडक जर्नलांची सूची) पेपरचे पहिले दहाच लेखक घेत, पुढे ‘आणि इतर’. १९९६ ते १९९९ मध्ये ही मर्यादा पंचवीस होती. २००० पासून ती उठली. त्या काळातल्या बहुकेंद्री अभ्यासात आपला माणूस अकरावा असेल तर नावाने शोधून तो सापडेलच असं नाही. पेपरच्या शीर्षकावरून जावं लागतं.

मराठी नावांची गोष्ट याहून अवघड. ‘जोशी एस’, ‘पाटील एस’, ‘कुलकर्णी ए’ हे शोध हजारांच्या घरात निकाल देतात. वडिलांचं किंवा नवऱ्याचं आद्याक्षर एका पेपरवर असतं, दुसऱ्यावर नसतं. लग्नानंतर आडनाव बदललं तर अर्धी यादी माहेरच्या नावाने राहते. क्षीरसागर, वाघ, चौधरी यांची रोमन स्पेलिंगं तीन-तीन प्रकारे होतात. म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात किंवा परळच्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत पहिला पेपर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना आमचं कळकळीचं सांगणं असतं: नाव कसं छापायचं ते पहिल्याच पेपरला ठरवा, त्याच दिवशी ऑर्किड (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) काढा, आणि पेपर सादर करताना तो क्रमांक देत चला. वीस वर्षांनी कोणीतरी तुमची नोंद लावत असेल, तेव्हा एवढ्यानेच निम्मं काम झालेलं असेल.

ऑर्किड २०१२ मध्ये सुरू झाला. क्रमांक सोळा अंकी असतो, आणि शेवटचा अंक पडताळणीचा, तो कधीकधी इंग्रजी एक्सही असतो. मात्र ऑर्किडवरची यादी संशोधकाने स्वतः भरलेली किंवा क्रॉसरेफ या प्रकाशकांच्या नोंदणीसंस्थेकडून आपोआप आलेली असते. ती सुरुवातीला धरायची, पुरावा म्हणून नाही. इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांच्या केंद्राच्या ‘विद्वान’ या संशोधकांच्या पोर्टलवरच्या यादीलाही हेच लागू.

स्कोपस या सशुल्क सायटेशन डेटाबेसमध्ये प्रत्येक लेखकाला यंत्राने दिलेला ऑथर आयडी असतो. संशोधकाने संस्था बदलली की हा आयडी दुभंगतो. साकागुचींनी क्योतो, अमेरिका, तोक्यो, परत क्योतो आणि मग ओसाका असा प्रवास केला. अशा माणसाचे तुकडे होण्याचा संभव जास्त. एक मोठं प्रोफाइल दिसतं आणि बाजूला दोन-चार पेपरांची छोटी प्रोफाइलं पडलेली असतात. ती सगळी निवडून दुरुस्तीची विनंती पाठवायची असते, आणि ती लगेच लागू होत नाही. फाइलची तारीख जवळ असेल तर आयडी जोडले जाण्याची वाट न बघता पेपरांची यादी हाताने एकत्र करायची. गूगल स्कॉलरमध्ये दोष उलटा. तिथलं प्रोफाइल नवे पेपर आपोआप जोडतं आणि नाव सर्वसाधारण असेल तर दुसऱ्यांचे पेपर गोळा होत राहतात. सेटिंगमध्ये जाऊन ‘आधी ईमेलने विचारा’ हा पर्याय निवडायला प्रत्येक संशोधकाला सांगायला हवं.

नाव पक्कं झालं की एक मुख्य तक्ता. त्यात डीओआय (पेपरचा कायमचा डिजिटल क्रमांक), पीएमआयडी (पबमेडमधला क्रमांक), वर्ष, शीर्षक, जर्नल, पेपरचा प्रकार, एकूण लेखक, त्यातला आपल्या माणसाचा क्रमांक, पत्रव्यवहाराचा लेखक तोच का, ‘समान योगदान’ची खूण आहे का, प्रीप्रिंट (परीक्षणाआधी खुला केलेला मसुदा) असेल तर त्याचा वेगळा डीओआय, दुरुस्ती किंवा माघारीची नोंद, आणि मग सायटेशनचे रकाने. वर्षाचा रकाना साधा वाटतो, पण पेपर डिसेंबरमध्ये ऑनलाइन येतो आणि फेब्रुवारीच्या अंकात छापला जातो. आम्ही दोन्ही वर्षं ठेवतो, कारण ‘गेल्या पाच वर्षांतले पेपर’ मागणारा अर्ज कुठलं वर्ष धरतो ते अर्जागणिक बदलतं.

एक्सेल वापरणाऱ्यांसाठी दोन सावधगिऱ्या. एक्सेल संख्येच्या सुरुवातीची शून्यं गाळतो. ऑर्किडची सुरुवातच शून्यांनी होते, त्यामुळे तो मधल्या रेघा न देता टाकला तर सोळा अंकी राहत नाही. रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवायचा. दुसरी गोष्ट जनुकांच्या नावांची. एमएचसी-२ रेणू पेशीच्या पृष्ठभागावरून खाली ओढणारं मार्च-१ हे प्रथिन इम्युनॉलॉजीत नेहमी भेटतं, आणि कीवर्डच्या रकान्यात एक्सेल त्याची तारीख करून टाकतो. याच त्रासामुळे २०२० मध्ये अशा जनुकांची अधिकृत नावं बदलली गेली, पण जुन्या पेपरांत जुनी नावं आहेतच.

दुबार नोंदी काढताना डीओआयवर भर द्यायचा, शीर्षकावर नाही. डीओआयच्या आधी कुठे पूर्ण वेबपत्ता असतो, कुठे नसतो, तो कापून सगळे एकसारखे करायचे. शीर्षकावर विसंबलं तर प्रीप्रिंट हुलकावणी देतात. प्रीप्रिंट ठेवणाऱ्या साइटपैकी बायोआर्काइव्ह नोव्हेंबर २०१३ मध्ये आणि मेडआर्काइव्ह जून २०१९ मध्ये सुरू झालं. तिथे टाकलेला मजकूर जर्नलमध्ये येईपर्यंत परीक्षकांच्या सांगण्याने शीर्षक बदलतं, लेखक वाढतात, आणि दोन्हींची जोडणी यंत्राकडून सुटते. आमच्या तक्त्यात ती एकच ओळ असते.

इम्युनॉलॉजीत आणखी एक दुबारी असते, ती परिषदांच्या सारांशांची. अमेरिकन इम्युनॉलॉजिस्टांच्या वार्षिक अधिवेशनाचे सारांश ‘जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी’च्या पुरवणीत छापले जातात. जर्नलचं नाव तेच, शीर्षक पुढच्या पेपरशी मिळतंजुळतं, आणि गूगल स्कॉलर त्याला वेगळा पेपर धरतो. एकूण पेपरांचा आकडा फुगण्यामागे बऱ्याचदा हे सारांशच असतात. ते टाकून द्यायचे नाहीत, वेगळ्या प्रकारात ठेवायचे.

प्रकाराच्या रकान्याकडे लोक दुर्लक्ष करतात, पण निम्मा अर्थ तिथेच असतो. मूळ संशोधन, समीक्षालेख, संपादकीय, पत्र, कार्यपद्धती, मार्गदर्शक सूचना, समूहाने लिहिलेले पेपर हे वेगवेगळे मोजायला हवेत. समीक्षालेखांना सायटेशन सहज मिळतात, कारण प्रस्तावना लिहिणारा वीस मूळ पेपरांऐवजी एका समीक्षेकडे बोट दाखवतो. समूह-पेपरांचं टोकाचं उदाहरण म्हणजे ‘युरोपियन जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी’त २०१७ मध्ये आलेल्या फ्लो सायटोमेट्रीच्या (पेशी एकेक करून मोजण्याच्या तंत्राच्या) मार्गदर्शक सूचना, ज्यांच्या सुधारित आवृत्त्या २०१९ आणि २०२१ मध्ये निघाल्या. लेखक शेकड्यांत आहेत. काम मोठ्या मोलाचं आहे, प्रत्येक प्रयोगशाळेत वापरलं जातं. पण त्यातला एक उपविभाग लिहिणाऱ्यालाही पूर्ण पेपरची सगळी सायटेशन मिळतात. म्हणून पन्नासहून अधिक लेखक असलेले पेपर धरून एक आकडा आणि वगळून दुसरा, असे दोन्ही आकडे आम्ही देतो. मोठ्या समूहात कधी संशोधकाचं नाव लेखकांत नसून ‘सहयोगी’ म्हणून नोंदलेलं असतं. पबमेड ते वेगळ्या रकान्यात दाखवतो. तो पेपर त्याचा म्हणून मोजायचा नाही.

समीक्षालेख म्हणजे दुय्यम, असा मात्र सरसकट नियम करू नये. चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या परिसंवादाच्या खंडात एक विचारप्रधान लेख लिहिला. जंतूंचे ठरावीक नमुने ओळखणारे ग्राहक (पेशींचे रिसेप्टर) असले पाहिजेत, ही कल्पना त्यात मांडली होती, प्रयोगाचा डेटा नव्हता. त्या कल्पनेला आधार देणारा, माणसातल्या टोलसारख्या ग्राहकावरचा मेद्झितोव्ह आणि जेनवे यांचा पेपर १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. ‘मूळ संशोधन’ अशी चाळणी लावली असती तर अख्ख्या शाखेची दिशा बदलणारा तो लेखच गळून पडला असता.

जर्नल तपासण्याचं काम किळसवाणं आहे, पण टाळता येत नाही. ‘पबमेड इंडेक्स्ड’ असं लिहिलेलं जर्नल मेडलाइनमध्ये असतंच असं नाही. लेख पबमेड सेंट्रल या पूर्ण लेखांच्या साठ्यामार्फतही पबमेडमध्ये येतो. एनएलएम, म्हणजे पबमेड चालवणाऱ्या अमेरिकी ग्रंथालयाच्या, कॅटलॉगमध्ये जर्नल उघडून ‘सध्या मेडलाइनमध्ये घेतलं जातं’ असा शेरा आहे का ते बघायचं. इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलच्या लेखांना मिळणाऱ्या सायटेशनची सरासरी) फक्त क्लॅरिव्हेट कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समधला. तशाच नावाचे आकडे विकणाऱ्या साइट आहेत आणि काही जर्नलं ते पहिल्या पानावर मिरवतात. मूळ जर्नलचं नाव आणि आयएसएसएन (जर्नलचा नोंदणी क्रमांक) चोरून बनवलेल्या बनावट साइटही आहेत, त्यामुळे साइटचा पत्ता प्रकाशकाच्या मूळ यादीशी ताडून पाहायचा.

माघार घेतलेल्या पेपरांची तपासणी प्रत्येक डीओआयसाठी करायची, संशयितांपुरती नाही. रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस २०२३ मध्ये क्रॉसरेफने घेतला आणि सगळ्यांना खुला केला, त्यामुळे अख्खी यादी एका झटक्यात ताडता येते. ‘मागे घेतला’, ‘चिंता व्यक्त’ आणि ‘दुरुस्ती’ हे तीन वेगळे शेरे आहेत, त्यांची सरमिसळ करून कोणावर अन्याय करू नये. दुरुस्ती ही अनेकदा चुकलेल्या आलेखाची किंवा सुटलेल्या अनुदान क्रमांकाची असते. मागे घेतलेला पेपर तक्त्यातून पुसायचा नाही, खूण करून ठेवायचा, पण बेरजेत धरायचा नाही. त्याला पुढेही सायटेशन मिळत राहतात आणि डेटाबेस ती मोजत राहतात.

आता आकडे. तीन ठिकाणी तीन आकडे येतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट, पुस्तकं, परिषदांचे कागद सगळं धरतो, म्हणून तिथला आकडा बहुधा सर्वांत मोठा. स्कोपसमध्ये संदर्भयाद्या १९७० पासूनच्या आहेत. वेब ऑफ सायन्स या तिसऱ्या डेटाबेसमध्ये खोच वेगळीच आहे. संस्थेने किती वर्षं मागेपर्यंतचं सदस्यत्व घेतलं आहे त्यावर काय दिसतं ते ठरतं, त्यामुळे एकाच माणसाचा आकडा दोन संस्थांतून वेगळा येऊ शकतो. तिन्ही आकडे एकाच दिवशी काढायचे आणि शेजारी तारीख लिहायची. एका स्रोतातले पेपर आणि दुसऱ्यातली सायटेशन असं कडबोळं कधीही करू नये.

एच-इंडेक्स ही कल्पना होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडली. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे. समजा आकडे आहेत १२०, ६४, ४०, २२, १५, ९, ८, ७, ३, १. सातव्या पेपरला ८ सायटेशन आहेत, म्हणजे सातहून कमी नाहीत. आठव्याला ७ आहेत, म्हणजे आठाला पुरत नाहीत. एच-इंडेक्स ७. दहा किंवा जास्त सायटेशनचे पेपर पाच, म्हणून गूगलचा आय-टेन ५. आता पहिल्या पेपरला १२० ऐवजी १२,००० सायटेशन असती तरी एच-इंडेक्स सातच राहिला असता. हा आकडा कधी उतरत नाही, वयाबरोबर वाढतो, आणि एखाद्याच थोर पेपरला ओळखत नाही.

मेरी ब्रंको यांची नोंद इथे समोर ठेवावी. स्कर्फी नावाच्या वाणाच्या उंदरांना मारून टाकणारा दोष कुठल्या जनुकात आहे, हे शोधणारा २००१ चा ‘नेचर जेनेटिक्स’मधला पेपर त्यांचा. पहिलं नाव त्यांचं, शेवटचं रॅम्सडेल यांचं. काम झालं वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेल इथल्या एका कंपनीत. कंपनीतल्या संशोधकाचं काम पेटंटांत आणि अंतर्गत अहवालांत जातं, पेपर थोडे असतात. साकागुचींची यादी कित्येक पटींनी लांब आहे. एच-इंडेक्सची किमान अट लावून चाळणी करणाऱ्या समितीने ब्रंको यांचा अर्ज उघडलाही नसता.

शाखा आणि वर्ष यांचा हिशेब धरणारे आकडे त्यापेक्षा बरे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं (एनआयएच) आयसाइट हे साधन मोफत आहे. पीएमआयडींची यादी टाकली की प्रत्येक पेपरचा आरसीआर (क्षेत्राच्या तुलनेतलं सायटेशनचं प्रमाण) मिळतो. ज्या पेपरांबरोबर तो पेपर उद्धृत होतो, त्यांच्या आधारे त्याचं क्षेत्र ठरवलं जातं, आणि एनआयएचच्या अनुदानातला मधला पेपर १ धरून तुलना होते. अगदी नव्या पेपरांचा आरसीआर तात्पुरता असतो, तो धरू नये. स्कोपसचा एफडब्ल्यूसीआय हा क्षेत्रानुसार तोललेला आकडा असाच, जगाची सरासरी १. पण संशोधकाच्या सगळ्या पेपरांची सरासरी काढली, तर फ्लो सायटोमेट्रीच्या सूचनांसारखा एकच पेपर ती आभाळाला नेतो. आम्ही सरासरीऐवजी मध्यक देतो. २०२० आणि २०२१ मधले कोविडवरचे पेपर तर वेगळ्याच रकान्यात ठेवतो, कारण त्या दोन वर्षांत सायटेशनचा जो लोंढा आला त्याची तुलना संधिवातावर काम करणाऱ्याशी होऊच शकत नाही.

इम्पॅक्ट फॅक्टर हा जर्नलचा आकडा आहे. २०२४ चा काढायचा तर २०२२ आणि २०२३ मधल्या मजकुराला २०२४ मध्ये मिळालेली सायटेशन भागिले त्या दोन वर्षांतले संशोधनलेख आणि समीक्षालेख. पत्रं आणि संपादकीयं भाजकात नसतात, पण त्यांना मिळालेली सायटेशन भाज्यात येतात. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ठरलेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला डोरा हा संशोधन-मूल्यमापनाचा जाहीरनामा सांगतो की व्यक्तीचं मोजमाप याने करू नका. तरी आपल्याकडचे अनेक अर्ज अजून ‘एकूण इम्पॅक्ट फॅक्टर’ मागतात, म्हणजे सगळ्यांची बेरीज. या बेरजेला काही अर्थ नाही. रकाना भरावाच लागला तर पेपर छापला त्या वर्षीचा आकडा द्यायचा, आजचा नव्हे.

स्वतःची सायटेशन वगळण्याचा पर्याय स्कोपसमध्ये आहे, आणि सर्व सहलेखकांचीही वगळता येतात. पण आपल्याच आधीच्या कामाचा उल्लेख करणं गैर नाही. एका वाणावर पंधरा वर्षं काम करणाऱ्या प्रयोगशाळेला तो करावाच लागतो. आम्ही दोन्ही आकडे लिहितो, शेरा मारत नाही.

यानंतर येतो तो भाग, ज्यासाठी बाकी सगळं करायचं. संशोधकाशी बोलून पाच पेपर निवडायचे आणि त्यांना कोणी, कशासाठी उद्धृत केलं ते वाचायचं. १९९५ चा पेपर घेऊ, ‘जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी’ खंड १५५, पान ११५१ पासून. सीडी-४ पेशींपैकी (प्रतिकारशक्तीतल्या मदतनीस टी-पेशी) साधारण दहा टक्के पेशींवर सीडी-२५ हे खुणेचं प्रथिन असतं. त्या काढून उरलेल्या पेशी थायमस (टी-पेशी तयार होणारी ग्रंथी) नसलेल्या उंदरांना दिल्या, तर अनेक अवयवांत स्वप्रतिरक्षेचे आजार होतात. काढलेल्या पेशी परत दिल्या की आजार टळतात. हा पेपर हजारो वेळा उद्धृत झाला आहे. त्या यादीतून एक नमुना काढून प्रत्येक ठिकाणी संदर्भाचं वाक्य वाचलं, तर गट पडतात. कोणी ‘सीडी-२५ ही खूण वापरली’ एवढंच म्हणतो. कोणी प्रयोग स्वतंत्रपणे पुन्हा करून पाहतो. कोणी रुग्णांकडे वळतो. स्वतंत्र प्रयोगशाळेने केलेली पडताळणी आमच्या मते सगळ्यांत मोलाची, आणि तिची वर्षनिहाय नोंद समितीला आवर्जून द्यावी.

त्याआधीची वाट शोधायची तर जुनी नावं माहीत हवीत. निशिझुका आणि साकाकुरा यांनी १९६९ मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवलं, की जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदराचा थायमस काढला तर अंडाशय नष्ट होतो. साकागुचींचे १९८२ आणि १९८५ चे ‘जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल मेडिसिन’मधले पेपर त्याच धाग्यातले. पण त्यांत सीडी क्रमांक शोधून उपयोग नाही, तिथे लिट-१ आहे, जो आज सीडी-५. तसाच लिट-२ म्हणजे सीडी-८ आणि एल-३-टी-४ म्हणजे सीडी-४. आयएल-६ या संदेशवाहक प्रथिनाचे सुरुवातीचे पेपर बीएसएफ-२ या नावाने आहेत. फॉक्सपी-३ ला (स्कर्फी उंदरांतलं तेच जनुक) २००१ मध्ये स्कर्फिन म्हटलं आहे. शोधाच्या ओळीत जुनं आणि नवं दोन्ही नाव ‘किंवा’ने जोडलं नाही, तर १९९० च्या आधीचा इतिहास कोरा दिसतो.

‘सप्रेसर’, म्हणजे प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या, पेशींचं तसंच. १९७० च्या दशकात त्यांच्यावर भरपूर लिहिलं गेलं. मग १९८३ च्या सुमारास, ज्या आय-जे जनुकावर ती मांडणी उभी होती ते अपेक्षित जागी सापडलंच नाही, आणि विषयावरचा विश्वास उडाला. त्या काळात त्याच प्रश्नावर चिकाटीने काम करणाऱ्याची सायटेशन कमी दिसली, तर कारण कामात नसून शाखेच्या वाऱ्यात असतं. २००३ मध्ये साकागुची, रुडेन्स्की आणि रॅम्सडेल यांच्या तीन गटांनी फॉक्सपी-३ आणि सीडी-२५ असलेल्या नियंत्रक पेशींचा संबंध दाखवला, त्यानंतर चित्र पालटलं. वर्षवार सायटेशनचा आलेख काढून त्यावर ही वर्षं टिपली की समितीला शंभर शब्द वाचावे लागत नाहीत. कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांच्या २००५ च्या ‘इम्युनिटी’मधल्या पेपरचाही असाच आलेख काढून बघावा. एमआरएनए लशी आल्यानंतर तो उभा चढतो. पाच वर्षांच्या खिडकीतून पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नसतं.

सायटेशनमध्ये न येणारं काम इम्युनॉलॉजीत फार असतं. एखाद्याने बनवलेला हायब्रिडोमा (एकाच प्रकारची अँटिबॉडी बनवणारी पेशीरेषा) जगभर वापरला जातो, पण पेपरांत क्लोनचं नाव आणि विक्रेत्याचा कॅटलॉग क्रमांक एवढंच येतं. उंदरांचे वाण, ॲडजीन या साठ्याकडे दिलेले प्लाझ्मिड (जनुक वाहणारी डीएनएची वर्तुळं), जिओ या जनुक-माहितीच्या साठ्यात ठेवलेला डेटा, यांचं तेच. युरोप पीएमसीमध्ये पेपरचा पूर्ण मजकूर शोधता येतो, आणि कार्यपद्धती किंवा आभार एवढ्याच भागात शोध मर्यादित करता येतो. तिथे क्लोनचं नाव किंवा अँटिबॉडीचा आरआरआयडी (साहित्याचा ओळख क्रमांक) टाकून काढलेली यादी संशोधकांनाही थक्क करते. पेटंटांसाठी लेन्स हे साधन मोफत आहे, ते कोणत्या पेपरचा उल्लेख कोणत्या पेटंटात आहे तेही दाखवतं. रुग्णांवरच्या चाचण्यांसाठी भारतातली सीटीआरआय नोंदवही पाहायची. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला (रुग्णाच्याच टी-पेशी बदलून केलेला कर्करोगावरचा उपचार) ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय औषध नियामकाची मंजुरी मिळाली. अशा कामाचा परिणाम रुग्णालयात मोजावा लागतो, स्कोपसमध्ये नाही. विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगेवर मार्गदर्शकाच्या नावाने मिळतात.

कोणी काय केलं, हे लेखकांच्या क्रमावरून पुरतं कळत नाही. बऱ्याच जर्नलांत आता क्रेडिट या योगदान नोंदवण्याच्या पद्धतीच्या चौदा भूमिका छापतात. आम्ही त्या तक्त्यात उतरवतो, विशेषतः ज्यांचं नाव नेहमी मधे असतं त्यांच्यासाठी. फ्लो सायटोमेट्रीचं किंवा विश्लेषणाचं काम सांभाळणारा माणूस पन्नास पेपरांवर मधला लेखक असतो, आणि त्याच्याविना ते पन्नासही झाले नसते.

तयार तक्ता संशोधकाकडे तपासायला द्यायचा. पेपर काढून टाकायला सांगितलं तर कारण लेखी घ्यायचं, जोडायला सांगितलं तर डीओआय मागायचा. समितीला जाणाऱ्या पानावर प्रत्येक आकड्याशेजारी स्रोत आणि तारीख, वापरलेल्या शोधाच्या ओळी जशाच्या तशा, आणि निवडलेल्या पाच पेपरांवर प्रत्येकी चार-पाच ओळी. पुढच्या वर्षी त्याच ओळी त्याच अवतरणचिन्हांसह पुन्हा चालवायच्या आणि नवे पेपर खाली जोडायचे. जुन्या प्रत्येक डीओआयची माघारीची तपासणीही पुन्हा करायची, कारण छापून दहा-पंधरा वर्षं झालेले पेपरसुद्धा मागे घेतले जातात.